रात्रपाळीच्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मला ठाऊक नाही. ज्या पाच रात्री तुम्ही माझ्या वॉर्डात होतात, त्यांतल्या पहिल्या तीन रात्री नाव विचारण्याइतकी शुद्ध मला नव्हती आणि पुढच्या दोन रात्री तुमच्याकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य नव्हते. निघण्याच्या दिवशी सकाळी तुमची पाळी संपलेली होती. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. कधीतरी तुमच्या नजरेस पडेल, आणि पडलेच तर पहिल्या दोन ओळींतच तुम्हाला ओळख पटेल, अशी आशा आहे. दारू सुटून मला आता 21 महिने झाले आहेत.

मला सांगायचे आहे ते पाण्याविषयी.

पहिल्या रात्री मी पाणी मागितले तेव्हा घसा कोरडा पडला होता, पण मनातली भीती तहानेहून मोठी होती. माझे हात इतके थरथरत होते की दाखल होतानाच्या कागदावर मला सही करता आली नव्हती. धाकट्या भावाने माझ्या अंगठ्याला शाई लावली होती. त्याआधीची दोन-तीन वर्षे मी कोणाही समोर काहीही पिण्याचे टाळत आले होते. घरी एकटी असताना दोन्ही कोपरे टेबलावर रोवून, दोन्ही हातांनी भांडे धरून मी सकाळचा पहिला घोट घेत असे, आणि तो घोट पोटात गेल्यावरच हात स्थिरावत. त्या रात्री तो घोट मिळणार नव्हता. पाणी अंगावर सांडेल, चादर बदलावी लागेल, कोणीतरी उसासा टाकेल, हे सगळे मला डोळ्यांसमोर दिसत होते.

तुम्ही पेला आणलात तो अर्धाच भरलेला होता. तो तुम्ही माझ्या ओठांना लावला नाहीत, माझ्या हातात दिलात. आणि मग माझ्याकडे पाठ करून सलाईनची नळी नीट करू लागलात, जी आधीपासूनच नीट होती. पेला रिकामा होईपर्यंत तुम्ही वळला नाहीत. त्यानंतर तो घेऊन गेलात आणि पुन्हा अर्धा भरून आणलात. या सगळ्यात तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री तसेच झाले. चौथ्या रात्री पेल्यातले पाणी थोडे वर आले होते. पाचव्या रात्री तुम्ही काठोकाठ भरलेला पेला आणलात, मी तो एका हाताने धरला, आणि एक थेंबही सांडला नाही. तेव्हा मला कळले की इतके दिवस तुम्ही माझ्या हाताच्या कंपाचे माप पाण्याने घेत होतात आणि मला ते कळू न देता घेत होतात.

हे इतके माझ्या मनात का रुतून बसले, ते समजण्यासाठी तुमच्याआधी मला भेटलेल्या काही जणांविषयी लिहावे लागेल. नावे लिहिणार नाही. राग मात्र लपवणार नाही.

एका डॉक्टरांनी यकृताचा अहवाल पुढे सरकवून सांगितले होते, "मनावर घ्या आणि आजपासून पूर्ण बंद करा." मी खरोखरच मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घरात उभ्याउभ्या आकडी आली आणि कपाळ फुटले. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत चढ्या वेगाने धावत असतो; ती गुंगी एकाएकी काढून घेतली की वेग तसाच राहतो आणि त्याला आवर घालणारे काही उरत नाही. शेवटच्या पिण्यानंतर 6 ते 8 तासांत कंप सुरू होतो, पहिल्या 48 तासांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जाऊ शकतो. हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या डॉक्टरांनी एवढेच सांगायला हवे होते की एकटीने घरी सोडू नका, औषधांच्या आधाराने सोडा. आकडीची हकिगत ऐकून त्यांनी विचारले ते हे, की घराण्यात कोणाला अपस्मार होता का.

दुसऱ्या एका गृहस्थांनी माझ्या भावाला एक पूड दिली आणि ती माझ्या नकळत जेवणात मिसळायला सांगितली. ते डायसल्फिराम होते, हे नंतर उलगडले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य साचते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने आणि देखरेखीखाली दिले तर हे औषध अनेकांना उपयोगी पडते, म्हणून औषधाला मी दोष देत नाही. पण मला कोणी काही सांगितलेले नव्हते. मी प्यायले आणि न्हाणीघरात कोसळले. आपण मरतो आहोत एवढेच मला वाटत होते, आणि पलीकडे दारात उभा असलेला माझा भाऊ, ज्याने माझ्या भल्यासाठीच ते केले होते, माझ्याहून जास्त घाबरला होता. त्या दिवसानंतर कित्येक महिने मी त्याच्या हातचे काही खाल्ले नाही. आमच्यातला तो विश्वास मोडणाऱ्या गृहस्थांना मी आजही क्षमा करू शकलेले नाही.

आणि मग ती जागा, जिथे मी समोर बसलेली असताना सगळे प्रश्न भावाला विचारले गेले. ही किती पिते, कधीपासून पिते, चोरून पिते का, खोटे बोलते का. मी 38 वर्षांची होते. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातले मद्यार्काचे प्रमाण अधिक चढते आणि यकृताचे नुकसानही लवकर होते, ही साधी गोष्ट तिथे मला कोणी सांगितली नाही. आई असून असे कसे करवते, हे मात्र दोनदा ऐकवले.

तुम्ही मला विचारलेत. भाऊ शेजारी उभा असताना, त्याच्याकडे न पाहता, माझ्याकडे पाहून तुम्ही विचारलेत, "शेवटचे पिणे कधी झाले?" स्वर तोच होता, ज्या स्वरात ताप किती दिवस आहे असे विचारतात. मी म्हणाले, "परवा रात्री." तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलेत, घड्याळाकडे पाहिलेत, आणि त्याच स्वरात पुन्हा विचारलेत, "नक्की?" मी हो म्हणाले. तुम्ही ते लिहून घेतलेत.

तिसऱ्या रात्री चादरीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या आणि भिंतीपलीकडून माझ्या मुलीच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. मी हाक मारायच्या आधीच तुम्ही खाटेपाशी होतात. खुर्ची ओढून तिथे बसलेल्याच होतात. माझ्या उत्तरावर भरवसा ठेवला असतात तर माझा धोक्याचा काळ तोपर्यंत उलटून गेलेला होता आणि तुम्ही निर्धास्तपणे दुसऱ्या खाटांकडे पाहू शकला असतात. तुम्ही मोजणी माझ्या शब्दांवरून केली नव्हती, माझ्या हातांवरून केली होती. मी खोटे बोलले हे तुम्हाला पहिल्याच रात्री कळले होते, असे मला आता खात्रीने वाटते. आणि तरीही तुम्ही मला खोटे पाडले नाहीत.

सौजन्य हा शब्द आपण फार हलका करून टाकला आहे. गोड बोलणे, हसून स्वागत करणे एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. तुम्ही माझ्याशी गोड बोलला नाहीत, धीराचे चार शब्दही बोलला नाहीत. तुम्हाला माझ्या आजाराची पुरेपूर माहिती होती, आणि ती माहिती तुम्ही मला सावरण्यासाठी वापरलीत, माझ्यावर वरचढ ठरण्यासाठी नाही. ज्यांना माहिती नव्हती त्यांनी माझे नुकसान केले, हे मी समजू शकते. ज्यांना होती आणि तरी ज्यांनी मला आधी लाजवले, त्यांचे काय करावे हे मला अजून कळलेले नाही.

पुढचा मार्ग सांगण्यात तुमचा वेळ घेत नाही. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोनची गोळी, आठवड्याचे समुपदेशन, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभा यांवर माझे दिवस चालले आहेत. ती संघटना 1935 साली अमेरिकेत अॅक्रन येथे सुरू झाली. बिल विल्सन नावाचे शेअर बाजारातले एक गृहस्थ आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ती उभी राहिली. आपल्याला उपदेश न करता कोणी स्वतःचीच हकिगत सांगतो आहे, हा अनुभव डॉक्टर स्मिथ यांना तेव्हा नवा होता, असे सभेत सांगतात. ते ऐकताना मला तुमची पाठमोरी आकृती आठवली. माझा भाऊ अल-अॅननला जातो, जी घरच्यांसाठी 1951 पासून चालते. पुडीची गोष्ट त्याने तिथेच पहिल्यांदा मोठ्याने सांगितली. आता तो माझ्याकडे जेवायला येतो आणि मी त्याच्या हातचे जेवते.

गेल्या महिन्यात सभेला एक तरुण मुलगी आली. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. पाणी देण्याचे काम त्या दिवशी माझ्याकडे होते. मी तिला अर्धाच पेला दिला आणि खिडकी उघडायला गेले. खिडकी आधीच उघडी होती. सभा संपल्यावर मी तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण तिनेही एकटीने घरी सोडायचे ठरवले होते आणि तो तिचा दुसरा दिवस होता.

सिस्टर, एक दुरुस्ती करायची राहून गेली आहे. तुमच्या कागदावर माझ्या नावापुढे परवा रात्र असे लिहिलेले असेल. ते खरे नव्हते. मी दाखल झाले त्याच दिवशी सकाळी सव्वासहाला, भाऊ गाडी आणायला गेलेला असताना, कपाटामागची बाटली काढून मी प्यायले होते. तुम्ही विचारलेत तेव्हा त्याला पंधरा तास झाले होते. त्यानंतर आजपर्यंत काही नाही.

तुमची ऋणी,
खिडकीजवळच्या खाटेवरची