डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत : मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री

सादर नमस्कार.

हे पत्र नेमके कुणाच्या नावे लिहायचे, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. माझ्या धाकट्या भावाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली ती एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. ते खाते वैद्यकीय शिक्षणाचे. नळी घेऊन तो घरी आला, तर तिथले ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आशाताई हे सगळे तुमच्या खात्याचे. शेवटी आई म्हणाली, "ज्याच्या हद्दीत पोरगं गुदमरलं, त्याला लिही." म्हणून पहिले नाव तुमचे.

मी भीमाकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी गाळप हंगामात भाऊ रात्री दुचाकीवरून घरी येत होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. (त्याविषयी परिवहन खात्याला वेगळे पत्र लिहावे लागेल, इथे नको.) डोक्याला मार लागला. अकरा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून बाराव्या दिवशी ट्रेकिओस्टॉमी झाली, म्हणजे गळ्यातली ती नळी बसवली. डॉक्टरांनी जीव वाचवला, यात आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. बिलही महात्मा फुले योजनेत बसले. तक्रार पुढची आहे.

सदतिसाव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. त्या दिवशीचे आमचे प्रशिक्षण कागदावर सही-शिक्के होईपर्यंत चालले, म्हणजे वीस मिनिटे. सिस्टर भल्या होत्या, पण वॉर्डात चाळीस खाटा आणि त्या एकट्या. त्यांनी एकदा सक्शन मारून, म्हणजे नळीत साचलेले यंत्राने ओढून काढून दाखवले आणि सांगितले, "कफ खाली करून ठेवा. नाकातल्या नळीने भरवताना तेवढा कफ भरा."

आईने मान डोलावली. मीही डोलावली. मराठी घरात कफ म्हणजे छातीतला बेडका. डॉक्टर ज्याला कफ म्हणतात तो नळीच्या आतल्या टोकापाशी असलेला हवेचा फुगा असतो, इंजेक्शनच्या सिरिंजने फुगवायचा आणि सोडायचा. हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि सांगायला हवे हे कुणाच्या लक्षातही आले नाही. बेडका खाली कसा करायचा आणि जेवताना पुन्हा कसा भरायचा, हे कोडे आईला पडले होते. पण सिस्टर घाईत होत्या, आपणच चुकीचे ऐकले असेल म्हणून ती गप्प बसली. फुगा चार दिवस तसाच फुगलेला राहिला. चौथ्या दिवशी भेटायला आलेले एक पाहुणे म्हणाले, "नळीवर बोट ठेवा, बोलतोय बघा. आमच्याकडं एकजण असाच बोलायचा." मी बोट ठेवले. फुगा फुगलेला असेल तर नळीच्या बाजूने वर हवा जायला जागाच उरत नाही. बोट ठेवले की श्वासाची एकमेव वाट बंद. भावाचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा बोट काढले. विज्ञानाचा शिक्षक आहे मी, साहेब. दाब आणि हवा हा धडा मी दरवर्षी शिकवतो.

दोन रात्रींनी वीज गेली. मुंबई-पुण्यात वीज जाणे ही बातमी असते, आमच्याकडे तो वार असतो. सक्शनचे यंत्र विजेवरचे. रात्री दीडच्या सुमारास नळीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, छाती आत ओढली जायला लागली. बेडका सुकून नळीत बसला होता. एरवी नाकातून जाताना हवा ओली आणि कोमट होते. गळ्यातून थेट शिरणारी हवा कोरडी राहते आणि बेडक्याचा खडा होतो. नळीच्या तोंडावर ओल्या गॉझची एक घडी ठेवली, ती सुकू दिली नाही, तर बरेचसे टळते. रुपया-दोन रुपयांचा उपाय, पण आम्हाला तो माहीत नव्हता. मी १०८ ला फोन लावत होतो. आईने भरवायची ५० मिलीची मोठी सिरिंज उचलली, सक्शनची बारीक नळी तिला जोडली, भावाच्या गळ्यात घातली आणि दट्ट्या मागे ओढला. तिसऱ्या खेपेला वाटाण्याएवढा घट्ट तपकिरी गोळा निघाला. रुग्णवाहिका आली तेव्हा भाऊ झोपला होता.

आई चौथी शिकलेली आहे. हे तिला कुणी शिकवले? वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते, त्यांच्या सुनेने. रात्री वॉर्डातले यंत्र दुसऱ्या टोकाला अडकलेले असायचे, तेव्हा ती बाई असे करायची. आईने बघून ठेवले होते.

माझ्या पत्राचा सगळा मुद्दा या दोन प्रसंगांत आहे. आमच्या सरकारी वॉर्डांत शिकवण्याचे काम चालूच आहे, फक्त ते रुग्णालय करत नाही, नातेवाईक एकमेकांना करतात. आणि तिथे बरे-वाईट दोन्ही पोचते. सिरिंजची युक्ती तिथूनच आली आणि "बेडका यायचा थांबेपर्यंत सक्शन मारत राहायचं" हा सल्लाही तिथूनच. तो ऐकून आम्ही अर्धा-अर्धा मिनिट सक्शन मारायचो. बेडक्याबरोबर आपण त्याची हवाही ओढून घेतोय, हे पुढे एका भूलतज्ज्ञ बाईंनी ओपीडीत सांगितले तेव्हा कळले. त्यांनी शिकवले ते असे : सक्शनची नळी आत घालताना त्या नळीच्याच बाजूच्या भोकावरचे बोट उघडे, बाहेर काढताना दाबलेले, दहा-पंधरा सेकंदांत खेळ आटोपता. "घड्याळ बघू नका, तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा. तुम्हाला नको नको झालं की त्यालाही झालं." आईच्या डोक्यात ते कायमचे बसले. मग त्यांनी आईच्या हातात नळी दिली आणि मागे हात बांधून उभ्या राहिल्या. आई चुकली, त्यांनी हात लावला नाही, फक्त "पुन्हा" म्हणाल्या. साहेब, एवढेच. सांगून झाले की शिकवून झाले असे समजणारे शिक्षक आमच्या खात्यातही आहेत, आणि त्यांच्या वर्गाचा निकाल आम्हाला ठाऊक असतो.

अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली घरी व्हेंटिलेटरवर असणाऱ्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत घरातली किमान दोन माणसे नीट शिकलेली असावीत असे म्हटले आहे. दोन का, हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. पण अमेरिकेचे सोडा. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात श्वासाचे काम कसे द्यायचे, ही शंका तुमच्या फायलीवर कुणीतरी लिहीलच, म्हणून गडचिरोलीची आठवण करून देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांतल्या, थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला फुगा-मास्कने श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देणे ही कामे त्या झोपडीत करत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्या कार्यक्रमाचे मूळ तिथे आहे. हे आपल्याच राज्यात घडले आहे. त्यापुढे एका नळीची निगा म्हणजे अशक्य कोटीतले काम नव्हे.

आता मागणी.

डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवा : घरातल्या कोणत्या दोन माणसांनी, कोणत्या तारखेला, सिस्टरांसमोर स्वतःच्या हातांनी काय काय केले. सक्शन मारले. नळी गळ्याला बांधायची नाडी सैल न होऊ देता बदलली, आत एक बोट जाईल इतकी ठेवून. आतली नळी काढून धुऊन परत बसवली. नळी पूर्ण निसटली तर काय करायचे ते बाहुलीवर करून दाखवले. हा रकाना रिकामा असेल तर रुग्णाला सोडायचे नाही. खाट अडून राहते हे मला कळते, पण चार दिवसांनी तोच रुग्ण निळा पडून अपघात विभागात आला तर दुसरी खाट अडतेच. बाहुली परदेशी लागत नाही. आमच्या शाळेच्या मुलांनी प्लास्टिकची बरणी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन करून दिली, ती आजही वापरात आहे.

कार्डाची भाषा मराठी असू द्या, आणि कृपा करून त्या फुग्याला फुगाच म्हणा.

सोबत खाटेच्या डोक्याशी लावायचा एक मोठा कागद द्या. ब्रिटनमध्ये ट्रेकिओस्टॉमी सुरक्षेच्या राष्ट्रीय प्रकल्पाने दोन रंग ठरवले आहेत. ज्याचा तोंडा-नाकाचा वरचा मार्ग शाबूत आहे त्याला हिरवा, आणि ज्याचे स्वरयंत्रच काढले आहे त्याला लाल. लाल कागदवाल्याच्या तोंडावर कितीही ऑक्सिजनचा मास्क धरला तरी फुप्फुसात काही जात नाही, तो गळ्याच्या भोकावरच द्यावा लागतो. तंबाखूने घशाचा कर्करोग झालेल्यांची आपल्याकडे वाण नाही. रात्री धावत आलेल्या शेजाऱ्याला किंवा १०८ वरच्या डॉक्टरला हा फरक कपाळावर लिहिल्यासारखा दिसायला हवा.

आणि डिस्चार्जची बातमी रुग्णाच्या आधी गावात पोचू द्या. वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेला कागद आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोचत नाही, कारण मधे दोन खात्यांची वेस आहे. आमच्या आशाताईंना भावाच्या नळीची बातमी किराणा दुकानात कळली. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी पहिल्या पंधरवड्यात दोनदा घरी यावे, ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरांना नळी बदलायचे प्रशिक्षण असावे, एवढे झाले तरी दर दहा दिवसांची दीडशे किलोमीटरची जीपगाडी वाचेल. केरळने २००८ साली परिहार सेवेचे, म्हणजे दीर्घ आजारी माणसाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर) धोरण आणले. तिथे पंचायतीच्या मदतीने परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जातात. आपल्याकडेही माणसे आहेत, त्यांना हे काम कुणी दिलेले नाही.

यंत्राविषयी थोडक्यात. विमा योजनेचे पाच लाख रुग्णालयाच्या दारापर्यंत येतात. घरचे सक्शन मशीन, नळ्या, गॉझ हे सगळे आम्ही खिशातून घेतले, यंत्र तर जुने. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी अनामत घेऊन देता येतील अशी चार यंत्रे ठेवा. त्यांतली दोन पायाने चालणारी ठेवा, वीज गेली की आठवण येते.

हे फक्त अपघातवाल्यांचे दुखणे नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (नसा बिघडून हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची) साथ आली, दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, काहींना व्हेंटिलेटर लागला. अशा आजारात हातपाय परत येतात, पण वेळ लागतो, आणि तो वेळ काही जणांना गळ्यात नळी घेऊन काढावा लागतो. तेव्हा रोज पत्रकार परिषदा झाल्या. घरी परतलेल्यांच्या आयांना कुणी काय शिकवले, हा प्रश्न तेव्हा माझ्याही डोक्यात आला नव्हता, भाऊ घरी यायचा होता.

भावाची नळी सात महिन्यांनी निघाली. भोक आपोआप बुजले, आता शर्टाचे वरचे बटण लावले की दिसत नाही. आवाज थोडा घोगरा आहे, पण दूध संघात पुन्हा कामाला जातो. आईला मात्र अजून फोन येतात. कुणी कुणाला नंबर देते देव जाणे. ती ओट्यावर बसून फोनवर सांगते, "बोट उघडं ठेवून आत घाल गं, घाबरू नको, तू पण श्वास धर." तुम्ही बोलावलेत तर ती कोणत्याही वॉर्डात येऊन करून दाखवायला तयार आहे. एसटीचे भाडे आम्ही काढू.

आमचे जुने सक्शन मशीन सध्या मंगळवेढ्याच्या बाजूला एका घरी आहे. तिथले आजोबा या महिन्याअखेर तपासणीला जाणार आहेत. यंत्र परत आले की ते कुणाकडे पाठवायचे, ते नाव आईने कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवले आहे. त्या मुलीचा डिस्चार्ज येत्या सोमवारी आहे.

आपला,
एक शिक्षक