दुबईच्या करामा वस्तीतल्या काकूंना

ती. काकूंना सा. न.

काका निवृत्त झाले, नोकरीबरोबर व्हिसाही संपला आणि तुम्ही दोघं देवगडला परतलात. विमानतळावर धड बोलताच आलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. दुबईत नव्याने येणाऱ्यांनाही कळू दे, की इथे तुमच्यासारखी जुनी माणसं होती म्हणून आमचे संसार मार्गी लागले.

माझी लेक ऐन जुलैत झाली. आईला येता आलं नाही. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापलेल्या, की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरला तरी चटका बसायचा. या पाण्याने बाळाला न्हाऊ कसं घालायचं, या विचाराने मला रडू फुटलं होतं. तुम्ही आलात आणि आधी गीझर बंद केलात. "आता ऑक्टोबरपर्यंत याला हात लावायचा नाही. यात साठलेलं पाणी घरात राहून निवतं. गरम नळ सोडायचा, तेच पाणी बाळाला." दुसऱ्या दिवशी तुम्ही पाय पसरून पाटावर बसलात, कोपर बुडवून पाणी पाहिलंत, लेकीला पायांवर पालथं घेतलंत आणि तेल जिरवत जिरवत न्हाऊ घातलंत. सव्वा महिना हे चाललं. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोप, काही म्हणता काही चुकलं नाही.

न्हाऊ घालताना तुम्ही सांगायचात ते अजून कानात आहे. तुम्ही 1981 मध्ये लग्न होऊन आलात. तेव्हा दुबईची सगळी वस्ती जेमतेम पावणेतीन-तीन लाख; आज ती 35 लाखांच्या पुढे गेली आहे. शंभर दिरहमच्या जुन्या नोटेवर दिसणारं 39 मजली ट्रेड सेंटर तेव्हा वाळूत एकटं उभं होतं. टपाल घरी यायचं नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायचं. काका संध्याकाळी पत्र आणतील म्हणून तुम्ही दाराकडे डोळे लावून बसायचात. तुमच्या पहिल्या बाळंतपणात माहेरचं कुणी नव्हतं, शेजारच्या सिंधी बाईंनी सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा आभार मानायचे राहिले, हे सांगताना तुमचा हात क्षणभर थांबला होता.

म्हणूनही हे पत्र लिहायचंच असं ठरवलं.

काकू, या शहराचं कौतुक करताना लोक बुर्ज खलिफाची उंची सांगतात. मला वाटतं, चाळीसेक वर्षं हिशेबाच्या वह्या सांभाळणारे काका आणि कुणाचंही बाळंतपण आपलं मानणाऱ्या तुम्ही, यांच्याही जिवावर ते उभं राहिलं. तरी दर दोन-तीन वर्षांनी तुमचा व्हिसा नव्याने व्हायचा. 2019 मध्ये लांब मुदतीचा गोल्डन व्हिसा आला, त्याच्या अटींत काका बसले नाहीत. ज्या गावात उभं आयुष्य काढलं तिथे म्हातारपण काढता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही मात्र कधी चकार शब्द काढला नाहीत.

आणि 16 एप्रिल 2024 चा तो पाऊस! 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. रस्त्यांची तळी झाली, खाली दोन डिलिव्हरीवाली पोरं अडकली होती. कुठली, कोण, काही न विचारता तुम्ही त्यांना वर बोलावलंत, कोरडे कपडे दिलेत, मूगडाळीची खिचडी वाढलीत. त्यांच्या वतीनेही आभार.

लेक रोज तुमच्या बंद दारापाशी थांबते. तिकडे गणपतीला यायचं आम्ही नक्की केलं आहे, रजाही मंजूर झाली. काकांना आवडतो तो खजूर आणतेच आहे. आणखी काय हवं ते कळवा.

तुमची,
समोरच्या घरातली लेक