चारचौघांत सांगायची काय गरज?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. मागच्या आठवड्यात बाबा, तुम्ही म्हणालात, "तू समलिंगी आहेस हे आम्हाला सांगितलंस, आम्ही ऐकून घेतलं. पण चारचौघांत सांगायची काय गरज?" तुमच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. म्हणूनच मला पटकन काही बोलता आलं नाही.

उत्तर शोधताना मला सारखा लेबनॉनमधल्या बैरूतचा एक आवाज आठवत राहिला. कोंढव्यात माझ्या शेजारच्या खोलीत येमेनचा एक विद्यार्थी राहायचा, आठवतो? आई, तू त्याला डबाभर पुरणपोळ्या दिल्या होत्यास. त्यानं एका रात्री मला बैरूतचे गायक हामेद सिन्नो यांचं गाणं ऐकवलं आणि ओळ न् ओळ मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितली.

बाबा, आधी आवाजाबद्दल सांगतो, कारण तुम्ही आधी तेच ऐकाल. शब्द संपतो तरी स्वर संपत नाही, शेवटच्या अक्षरावर तो हेलकावत राहतो. मग अचानक तार सप्तकात जातो, पातळ होतो, पण फाटत नाही. पाठीमागे त्यांच्या बँडमधल्या हाइग पापाझियान यांचं व्हायोलिन असतं, आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागून चालते तसं. आहे रॉकच, ड्रम आहेत, गिटार आहे, पण भजनाला पेटीवर बसणाऱ्या माणसाला त्यातलं गाणं लगेच सापडेल.

2008 साली बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात आर्किटेक्चर आणि डिझाइन शिकणारी काही मुलं रात्री एकत्र वाजवायला बसली, त्यातून 'मशरू लैला' हा बँड झाला. लैला हे बाईचं नाव आणि अरबीत रात्रीलाही तेच म्हणतात, म्हणून 'लैलाचा प्रकल्प' आणि 'एका रात्रीत उरकलेला प्रकल्प' असे दोन्ही अर्थ निघतात. हामेद तेव्हा ग्राफिक डिझाइन शिकत होते. गाणी ग्रांथिक अरबीत नव्हती, बैरूतच्या रस्त्यावरच्या बोलीत होती. आणि आपण समलिंगी आहोत हे त्यांनी लपवलं नाही. लेबनॉनच्या दंडसंहितेत 534 क्रमांकाचं कलम आहे, निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधांना एक वर्षापर्यंत कैद. आपल्या दंडसंहितेतलं 377 कलम जवळजवळ याच शब्दांत होतं. 6 सप्टेंबर 2018 ला, संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्या दिवशी मी घरी फोन केला होता. पावसाचं विचारलं आणि ठेवला. खरं तर मला वेगळंच बोलायचं होतं.

(हामेद आता इंग्रजीत स्वतःबद्दल 'तो' किंवा 'ती' वापरत नाहीत. मराठीत आदरानं 'ते' म्हणता येतं, याचं मला लिहिताना बरं वाटतंय.)

पहिल्याच अल्बममध्ये, 2009 साली, 'शिम एल-यास्मीन' नावाचं गाणं आहे. एक पुरुष सोडून गेलेल्या पुरुषाला सांगतोय की मला तुला जवळ ठेवायचं होतं, तुझं जेवण रांधायचं होतं, तुझं घर झाडायचं होतं आणि माझ्या घरच्यांशी तुझी ओळख करून द्यायची होती. आई, त्या येमेनी मित्रानं या ओळीचा अर्थ सांगितला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. तोवर मला वाटायचं, अशी इच्छा फक्त माझ्यासारख्या घाबरट मुलालाच होत असेल.

बाबा, तुमची काळजी खोटी नाही, हे मला त्यांच्याच आयुष्यातून कळलं. हामेद यांची आई जॉर्डनची. त्याच जॉर्डननं 2016 मध्ये अम्मानच्या रोमन रंगमंदिरातला त्यांचा कार्यक्रम नाकारला, पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणजे आजोळचाच दरवाजा बंद.

सगळ्यात मोठा घाव कैरोचा. 22 सप्टेंबर 2017 च्या त्या कार्यक्रमाला सुमारे 35,000 माणसं होती. गर्दीत काहींनी समलिंगींच्या हक्कांचा इंद्रधनुषी झेंडा उंचावला. त्यात सारा हेगाझी ही तरुणी होती. झेंडा हातात घेतलेला तिचा हसरा फोटो मी किती वेळा पाहिला असेल! त्यानंतर धरपकड सुरू झाली, सत्तरपेक्षा जास्त लोक पकडले गेले. संगीतकारांच्या संघटनेनं बँडला इजिप्तमध्ये गायला बंदी केली. साराला तीन महिने कोठडीत ठेवलं, तिचा छळ झाला. सुटल्यावर ती कॅनडाला गेली. ती तिकडे असतानाच तिची आई वारली आणि तिला परतता आलं नाही. जून 2020 मध्ये तिनं टोरांटोत आपलं आयुष्य संपवलं. ती तीस वर्षांची होती. तिच्यासाठी हामेद यांनी तिच्याच शब्दांना चाल लावली.

हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. उघडपणे जगण्याची किंमत असते आणि कधी कधी ती भलत्यालाच भरावी लागते. हामेद यांच्याही मनावर त्या कार्यक्रमाचं ओझं राहिलं असणार असं मला वाटतं.

आणि स्वतःच्या देशातही सुटका झाली नाही. 2010 मध्ये बिब्लोसच्या महोत्सवात ते गायले तेव्हा पंतप्रधान साद हरीरी समोर बसले होते. 2019 मध्ये त्याच बिब्लोसला ते पुन्हा गाणार होते, पण ख्रिस्ती धर्मगुरूंनी धर्माच्या अपमानाचा आरोप केला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि आयोजकांनी रक्तपात नको म्हणून कार्यक्रम रद्द केला. पुढच्या वर्षी बैरूतच्या बंदरात प्रचंड स्फोट झाला. 2022 मध्ये बँड थांबला.

हामेद मात्र गाताहेत. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांनी आपली नवी रचना सादर केली. ती जागा म्हणजे इजिप्तमधून दगड दगड आणून पुन्हा उभं केलेलं प्राचीन देऊळ. ज्या देशात गायला मनाई, त्याच देशाच्या देवळात ते अमेरिकेत गायले.

तर बाबा, गरज काय? कोंढव्यातल्या त्या खोलीत मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्या ओळखीत माझ्यासारखा एकही माणूस नव्हता. हजारो मैलांवर कुणीतरी चारचौघांत बोललं, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं. घरात दार लावून बोललं असतं तर पोचलं नसतं. आणि दुसरं असं की मी लपवलं तर खोटं बोलायची वेळ तुमच्यावरही येते. मागच्या लग्नात काकूनं "मुली बघताय का?" विचारलं, तेव्हा आई, तू "हो, चाललंय" म्हणालीस आणि पदर सावरत आत गेलीस. तुझा तो चेहरा मला विसरता येत नाही. माझ्यामुळे तुला असं आत जावं लागू नये.

मी झेंडा घेऊन गल्लीत फिरणार नाही. काकूनं मला विचारलं तर मात्र खरं सांगेन. तुम्हाला हे कधी आणि कसं पेलेल, ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी घाई करणार नाही.

पण एक मागतो. दिवाळीला मी एकटा येत नाहीये. माझ्याबरोबर राहतो तोही येईल, तुम्ही हो म्हणालात तर. त्याला दिवाळीत घर नसतं. त्याच्या घरचे तीन वर्षं बोलत नाहीत. चकली तिखट चालते त्याला. बाबा, ते गाणं मी येताना घेऊन येतो, तुमच्या पेटीवर सूर लावून बघू.

बीपीची गोळी चुकवू नका. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमचा,
बाळू