नांगर वाळूतच टाका

संपादक महोदय,

हिवाळ्यात शिडाच्या यॉट मालवणकडे येतात, याचा आनंदच आहे. पण नांगर प्रवाळावर पडलेला पाहवत नाही! प्रवाळ मोडतो, साखळीही अडकते. वाळूचा तळ शोधावा.

साखळीचा हिशेब ओहोटीच्या पाण्यावर करू नये. खोली ४ मीटर, उधाणाचा चढ २.५, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची १, म्हणजे साडेसात. त्याच्या पाचपट, सुमारे ३८ मीटर साखळी सोडावी. कमी सोडली तर ओढ वरच्या दिशेने बसून नांगर उखडतो. पहाटेचा मतलई वारा होडी समुद्राकडे ठेवतो, दुपारी खारा वारा तिला किनाऱ्याकडे वळवतो. तेव्हा मागे खडक नाही ना, हे नांगर टाकण्यापूर्वीच पाहावे.

– एक वाचक, मालवण