आरसीवर सीएनजी, पॉलिसीत पेट्रोल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवायचे, आरटीओचे काम गॅरेजवाल्याच्याच गळ्यात घालायचे आणि नवे आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) हातात पडले की सुटलो असे समजायचे, ही पुण्यातली सर्रास पद्धत. पण संगम पुलाजवळच्या आरटीओने इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/सीएनजी' लिहिले, तरी विमा कंपनीच्या दप्तरी गाडी पेट्रोलचीच राहते. कंपनीला कळवायचे काम मालकाचे. ते राहून गेल्याचे लक्षात येते तेव्हा गाडी वर्कशॉपमध्ये उघडून पडलेली असते आणि सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा) डिकीत वाकून टाकीवरचा नंबर टिपत असतो. त्याच्या हातातल्या पॉलिसीत मात्र टाकीचा पत्ताच नसतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. विनापरवाना बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजी-एलपीजी किटला मात्र कलम ५२ मध्येच अटींसह वाट ठेवली आहे. बीएस-६ (धुराच्या नव्या निकषातल्या) पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची मुभा ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली. त्याआधी बसवलेल्या बीएस-६ गाडीची कागदपत्रे कोणी दाखवू लागला तर जरा सावध राहावे.

किट बसवताना चार कागद ताब्यात घ्यावेत: किटचे जीएसटी बिल, किटच्या मान्यतेचे प्रमाणपत्र (आपल्या कोथरूडच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचे), टाकीचे चाचणी प्रमाणपत्र आणि अधिकृत फिटरचे फिटमेंट सर्टिफिकेट. किटची मान्यता सरसकट सगळ्या गाड्यांना लागू नसते, त्यामुळे आपले इंजिन त्या मान्यतेत बसते का ते प्रमाणपत्रावर वाचून घ्यावे. टाकीच्या मानेजवळ पत्र्यात ठोकलेला क्रमांक, लिटरमधली क्षमता आणि चाचणीचा महिना असतो. कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, चेसिस नंबरचा घेतात तसा. तो ठसा बिलाशी आणि प्रमाणपत्राशी अंक अन् अंक ताडून पाहावा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की आधी आरटीओत फाइल अडते आणि मग दाव्यात. गाडी कर्जावर असेल तर बँकेचे ना-हरकत पत्रही लागते.

टाकीत दोनशे बार दाबाने गॅस भरतात. म्हणून दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) सक्तीची आहे. ती चुकली तर पंपावर गॅस नाकारला जातो, आणि आग लागली तर सर्व्हेअर पहिल्यांदा हीच तारीख विचारतो.

आता विमा. आरसी बदलून आली की त्याच आठवड्यात कंपनीला लेखी अर्ज द्यावा, सोबत आरसीची प्रत, किटचे बिल आणि फिटमेंट सर्टिफिकेट. कंपनी कधी गाडी पाहायला माणूस पाठवते, कधी फोटोंवर भागवते. एजंटच्या व्हॉट्सअॅपवर बिल टाकले आणि निळ्या खुणा दिसल्या म्हणजे नोंद झाली असे मुळीच नाही. सुधारित शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशीलपत्रकात) किटची किंमत वेगळ्या रकान्यात दिसली पाहिजे आणि खाली 'आयएमटी २५' (इंडिया मोटर टॅरिफ या दरपत्रकातली त्या क्रमांकाची) ही पुरवणी नोंद, म्हणजे एंडोर्समेंट, लिहिलेली पाहिजे.

जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे बाहेरून बसवलेल्या किटला त्याच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये) आणि ६० रुपये थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये) वाढतात. ओन डॅमेजचे दर २००७ पासून खुले आहेत, त्यामुळे कंपनीगणिक फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. किट ६० हजारांचे असेल तर २,४०० अधिक ६० म्हणजे २,४६० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून २,९०३ च्या आसपास. वर्षाच्या मध्येच नोंद केली तर उरलेल्या दिवसांपुरतेच पैसे घेतात. किटची किंमतही गाडीसारखी दरवर्षी उतरते. एक ते दोन वर्षांच्या किटला २० टक्के घसारा, म्हणजे ४८ हजारांवर प्रीमियम. एवढ्यासाठी गप्प बसणारे लोक पाहिले की हसावे की रडावे कळत नाही, कारण किटमुळे इंधनावर होणारी बचत त्याहून कितीतरी जास्त असते.

म्युझिक सिस्टीम, अॅम्प्लिफायर, मागचा कॅमेरा, सीट कव्हर, मूळ मापाचेच अलॉय यांच्यासाठी आरटीओकडे जावे लागत नाही. पण गाडीच्या कंपनीने दिलेल्या किमतीत नसलेली वस्तू विम्यातही आपोआप येत नाही. विजेवर चालणाऱ्या वस्तू 'आयएमटी २४' खाली पुन्हा ४ टक्क्यांनी, बाकीच्या बिगर-विद्युत वस्तू म्हणून बिलाप्रमाणे लिहून घ्याव्यात. झीरो-डेप (घसारा न कापणारे जादा संरक्षण) घेतले म्हणून त्या मिळतील हा गैरसमज आहे. झीरो-डेप घसाऱ्यापुरते असते, शेड्यूलमध्ये नसलेली वस्तू त्यात येत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले. अशा पाण्यात सीटखाली आणि डिकीत बसवलेले अॅम्प्लिफायर आधी जातात, आणि बिल असले तरी नोंद नसेल तर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

खरा धोका वायरिंगचा. मूळ हेडलाइट ६०/५५ वॅटचे असतात. तिथे १००/९० चे बल्ब घातले की बारा व्होल्टला अप्परच्या एका बल्बची वायर पाचऐवजी सव्वाआठ अॅम्पिअर वाहू लागते. वेगळी रिले आणि जाड वायर नसेल तर आधी होल्डर पिवळा पडतो, मग कपलर (वायरी जोडणारा प्लग) वितळतो. फ्यूज उडतो म्हणून कोणी मोठा फ्यूज घातला की वायर जळायला काही आडवे उरत नाही. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) सोलून, पिळा मारून वर काळी टेप गुंडाळलेला जोड सर्व्हेअरला लगेच दिसतो, आणि 'शॉर्ट सर्किट, अनधिकृत जोडणी' असा शेरा एकदा पडला की तो खोडणे अवघड. कपलर टू कपलर बसणारे सामानच घ्यावे, नाना पेठेत ते सहज मिळते.

काही गोष्टी कितीही प्रीमियम भरला तरी कायदेशीर होत नाहीत. पुढचे बुल बार त्यातलेच: केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले. एअरबॅगचे सेन्सर धडकेचा जोर मोजतात, तो जोर आधी लोखंड खाते आणि बॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. टायरच्या बाबतीत माप काढून पाहावे. मूळ टायर १८५/६५ आर१५ असेल तर त्याचा व्यास ६२१.५ मिलीमीटर, १९५/६० आर१५ चा ६१५, म्हणजे फरक एक टक्का. २०५/६५ आर१५ मात्र ६४७.५ वर जातो, चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो.

रंग बदलला तर आरसीवर बदलावाच लागतो. किट काढून टाकले तरी आरसी आणि पॉलिसी दोन्हींवरून उतरवावे. जुनी गाडी घेणाऱ्याने इंधनाचा रकाना आणि डिकी दोन्ही पाहावेत, आणि नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करावी.

दिव्यांगांसाठी हाताने चालणारा ब्रेक-अॅक्सिलरेटर बसवून गाडी 'अॅडॅप्टेड' (गरजेप्रमाणे बदललेली) करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदल आधी करून आरटीओची मंजुरी नंतर घेता येते. आरसीवर तशी नोंद असेल तर टॅरिफनुसार ओन डॅमेजमध्ये ५० टक्के सवलत आहे (आयएमटी १२). ही सवलत एजंट स्वतःहून सांगत नाहीत, ती मागून घ्यावी लागते.

नोंद नव्हती म्हणून अख्खा दावा फेटाळला, तर तो निमूट मान्य करू नये. किटचे पैसे न मिळणे समजू शकते. पण मागून ट्रकने ठोकल्यावर बंपरचे पैसे किट नोंदले नाही म्हणून अडवले, तर नुकसानीचा त्या किटशी संबंध काय, हे लेखी विचारावे. पॉलिसीच्या अटीचा भंग झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दावा ७५ टक्क्यांवर मिटवायला लावला होता (अमलेंदु साहू). तो भंग गाडी भाड्याने देण्याचा होता, तरी युक्तिवादाला उपयोगी पडतो. आगीचे कारण खुद्द किटच असेल तर हा आधार लंगडा पडतो.

कंपन्यांनाही एक सांगणे आहे. ऑनलाइन नूतनीकरणात गाडीचा नंबर टाकला की मागच्या वर्षीचाच तपशील समोर येतो आणि पैसे भरायचे बटण दिसते. 'गेल्या वर्षभरात किट किंवा इतर काही बसवले का?' हा एक प्रश्न त्या बटणाच्या आधी सक्तीचा करायला किती खर्च येतो? दाव्याच्या वेळी जी माहिती दडवली म्हणता, ती प्रीमियम घेताना विचारली होती का, हेही मग तपासता येईल.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे, आणि जाताना पॉलिसीत नोंद करण्यासाठी दिलेल्या अर्जाची पोच घेऊन जावे.

आपला,
मोटार दाव्यांचे काम पाहणारा एक वाचक,
कोथरूड, पुणे