मंजुरी आधी की कारवाई आधी?

सीआयएच्या गुप्त कारवाईला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागते, हे १९७४ च्या ह्यूज-रायन दुरुस्तीपासून खरे. पण ती मंजुरी कधीची, हा मुद्दा चर्चेत निसटतो. नोव्हेंबर १९८५ मध्ये सीआयएच्या मदतीने इराणला हॉक क्षेपणास्त्रे पोचली आणि मंजुरीवर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली ५ डिसेंबरला! तो कागदही त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी पुढच्या वर्षी फाडून टाकला. म्हणूनच १९९१ च्या कायद्याने मागाहून मंजुरी बंद केली. आदेश लेखीच हवा. अगदी घाई असली तरी ४८ तासांत कागदावर यायला हवा. फट उरली ती वेगळीच. नाजूक प्रकरणात अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) गुप्तचर समित्यांऐवजी तिच्या आठच नेत्यांना सांगितले तरी चालते, त्यांना नकाराधिकार नाही. शिवाय ‘पारंपरिक लष्करी कारवाई’ असा शिक्का बसला, की हा कागदच लागत नाही.

– एक वाचक