निविदेत एसीच्या टनांसोबत ताज्या हवेचं मापही लिहा

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका, सीबीडी बेलापूर

विषय: रुग्णालयांतील ताज्या हवेचं प्रमाण ठरवून ते मोजून घेण्याबाबत

महोदय,

वाशी, नेरूळ, ऐरोलीची पालिका रुग्णालयं असोत की एखादं खासगी नर्सिंग होम, ओपीडीचं नूतनीकरण निघालं की पहिली मागणी एसीची होते. इथला उकाडा पाहता ती रास्तच आहे. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून खोलीत सोडतो, बाहेरची हवा आणत नाही. गारवा टिकावा म्हणून खिडक्या बंद होतात आणि खोकणाऱ्याच्या तोंडून निघालेले क्षयाचे, फ्लूचे, गोवराचे जंतू आतच फिरत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. 2022 मध्ये भिवंडीत गोवराची साथ आली होती. ताप-पुरळ असलेलं मूल केस पेपरच्या खिडकीपाशीच हेरून वेगळं बसवायला हवं. लसीकरणाच्या रांगेत ते असताच कामा नये.

हवेचा हिशेब सोपा आहे. नेब्युलायझरची (औषधाची वाफ देण्याच्या यंत्राची) खोली 6 मीटर लांब, 5 रुंद, 3 उंच असेल तर तिच्यात 90 घनमीटर हवा मावते. अशा जोखमीच्या खोलीत ती तासाला 12 वेळा बदलायला हवी, म्हणजे 1,080 घनमीटर. जाळी, झडपा आणि समोरून येणारा वारा यांत पंख्याची ताकद घटते, म्हणून पाटीवर तासाला निदान 1,500 घनमीटर लिहिलेला एक्झॉस्ट घ्यावा. 12 बदलांना हवेतले 99 टक्के कण निघून जायला 23 मिनिटं लागतात. 2 बदलांना 138 मिनिटं लागतात, आणि तोवर पुढचे कितीतरी रुग्ण त्याच खुर्चीत बसून गेलेले असतात.

पंखा लावला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. बहुतेक घोळ जागेत होतो. उघड्या खिडकीच्या डोक्यावर एक्झॉस्ट बसवला तर तो त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर फेकतो, रुग्णाजवळची हवा जागची हलत नाही. हवा समोरच्या भिंतीतून आत यावी, आधी सिस्टर-डॉक्टरांच्या खुर्चीवरून, मग रुग्णावरून जावी आणि तिथून थेट उघड्यावर पडावी. पॅसेजमध्ये किंवा वरच्या वॉर्डाच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमध्ये सोडली, तर आपणच संसर्ग पुढे पाठवतो. पंखा उलटा बसला असेल तरी तेच: खोलीतली हवा दाराच्या फटीतून बाहेरच्या बाकांवर जाते. दार लावून फटीशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर आला तर काम परत करा.

खिडक्यांचंही तसंच. दोन झडपांची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते, वर डासांची जाळी धुळीने बुजलेली असते. डेंग्यू-मलेरियाच्या या पट्ट्यात जाळी हवीच. पण ती काढून धुता यावी आणि दर महिन्याला धुवावी. पावसाळ्यात खिडक्या बंदच राहतात, म्हणून छज्ज्याखाली कायम उघडे राहणारे लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचे झरोके) भिंतीतच ठेवावे लागतील.

क्षयाच्या तपासणीसाठी थुंकीचा नमुना शौचालयात द्यायला लावू नये. तिथली कोंदट हवा पुढच्या माणसाला भोवते. गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात शेड पुरेशी आहे. दम्याच्या रुग्णाला शक्य तिथे नेब्युलायझरऐवजी स्पेसर (पोकळ नळकांडं) लावून इन्हेलर द्यावा. खोकणाऱ्या रुग्णाला साधा सर्जिकल मास्क, कर्मचाऱ्यांना चेहऱ्यावर नीट बसणारा एन-95, आणि तोही व्हॉल्व्ह नसलेला, कारण व्हॉल्व्हमधून श्वास न गाळता बाहेर पडतो.

गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास, प्रतीक्षा कक्षात कार्बन डायऑक्साइड मोजून पाहावा. बाहेर तो साधारण 420 ते 450 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. आत 800 च्या वर जात असेल तर माणसांच्या मानाने हवा कमी पडते आहे. मीटर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने हा वायू थेट मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्यावा, स्वस्तातले कित्येक मीटर अंदाजाने आकडा दाखवतात. हेपा फिल्टरचं (अतिसूक्ष्म कण गाळणारं) यंत्र जंतू पकडतं, पण हा आकडा उतरवत नाही. त्यामुळे तिथे यंत्राची क्षमता खोलीच्या मापाशी ताडून पाहावी लागते.

आमची मागणी एवढीच: यापुढे रुग्णालयाच्या प्रत्येक निविदेत एसीच्या टनांशेजारी खोलीनिहाय ताज्या हवेचा आकडा असावा. विद्युत विभाग आणि संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर यांनी ॲनेमोमीटरने (हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) मिळून मोजणी केल्याशिवाय ठेकेदाराचं अंतिम देयक निघू नये. नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजून आकडा दारावर लिहावा. आजच्या खोल्यांपैकी थुंकी, नेब्युलायझर आणि अपघात विभाग आधी, येत्या पावसाळ्यापूर्वी घ्यावेत. पहिली खोली आपण ठरवा, मोजायला आम्ही येतो.

आपले,
रुग्णालयांतील वायुवीजन व संसर्ग नियंत्रणाचं काम करणारे अभियंते आणि परिचारिका